रेंज नसताना मेल आणि न्यूजग्रुप वाचायचे कसे: थंडरबर्ड लावण्यापासून पहिल्या पोस्टपर्यंत

साताऱ्यातनं कासवरून बामणोलीकडं उतरायला लागलं की फोनवरच्या काड्या कमी कमी होत जातात, आणि पुढं लाँचनं पलीकडं गेलात तर विषयच संपला. पाटणच्या वरच्या अंगाला कोयनेच्या कडेकडेनं तीच गत. आणि रेंज असली तरी लाईट जाणं आहे, दिवसाचा दीड जीबीचा पॅक घरातल्या पोरांनी दुपारच्या आत संपवणं आहे. अशात ब्राउझरमध्ये मेल उघडायला गेलं की गोल फिरणारं चक्र बघत बसायचं. यावरचा उपाय जुना आहे, फुकट आहे, शिकायला एक निवांत संध्याकाळ पुरते, पण कुणी सांगत नाही कारण सगळ्यांना वाटतंय नेट आता सगळीकडं पोचलंय.

उपाय एवढाच की नेट लागतं ते मेल आणायला आणि पाठवायला, वाचायला आणि लिहायला नेट लागत नाही, तर ही दोन कामं वेगळी करून टाकायची. नळाला पाणी आलं की आपण टाकी भरून घेतो, दिवसभर नळाखाली भांडं धरून बसत नाही, तसंच हे.

आता जरा हिशोब बघा म्हणजे पटेल. दिवसाचा डाटा संपला की बऱ्याच पॅकांत स्पीड 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला 8 केबी. वेबवरचं मेलचं पान नव्यानं उघडताना सहज काही एमबी ओढतं, 5 एमबी धरलं तरी या स्पीडला दहा मिनिटांच्या वर जातात. साधा मजकुराचा मेल 8-10 केबीचा, तो एक-सव्वा सेकंदात येतो. न्यूजग्रुपची (म्हणजे विषयवार चर्चेचे ग्रुप, खाली सांगतो) पोस्ट साधारण 3 केबी धरा, अशा शंभर पोस्टी चाळीस सेकंदाच्या आत उतरतात. म्हणजे जो स्पीड आपण "काही उपयोगाचा नाही" म्हणतो तोच स्पीड या कामाला बख्खळ होतो.

सॉफ्टवेअर कुठलं तर थंडरबर्ड. मोझिलाचं, फायरफॉक्सवाल्यांचंच, 2004 सालापासून आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं. फुकट तर आहेच, शिवाय मुक्त आहे म्हणजे त्याचा सोर्स कोड कुणीही बघू शकतो. उतरवायचं ते थंडरबर्ड डॉट नेट याच साईटवरून, गुगलमध्ये शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातीच्या लिंकवरून नको, तिथं भलतंच काहीतरी गळ्यात पडतं. लिनक्सवाल्यांनी आपल्या सॉफ्टवेअर सेंटरमधून घ्यावं. हे काम आणि अकाउंट जोडण्याचं काम मात्र चांगल्या रेंजमध्ये करून घ्या, एसटी स्टँडला बसून हॉटस्पॉटवर नको.

अकाउंट जोडताना

पहिल्यांदा उघडलं की नाव, मेलचा पत्ता विचारतं. पत्ता टाकला की ते स्वतःच सर्व्हर शोधतं आणि दोन पर्याय पुढं ठेवतं, आयमॅप आणि पीओपी. इथं नवीन माणूस अडकतो. आयमॅप म्हणजे मूळ मेल सर्व्हरवर राहतात आणि तुमच्याकडं त्याची नक्कल येते, फोनवर वाचलेलं लॅपटॉपवरही वाचलेलं दिसतं. पीओपी म्हणजे मेल उतरवून घ्यायचे आणि सर्व्हरवरून काढून टाकायचे, ही मूळ पद्धत, थंडरबर्ड ते ठराविक दिवसांनी काढतं. माझं मत विचाराल तर आयमॅपच घ्या. पीओपी फक्त त्याच्यासाठी ज्याच्याकडं एकच कॉम्प्युटर आहे आणि फोनवर मेल बघायचाच नाही. घेतलाच पीओपी तर सर्व्हर सेटिंग्जमध्ये "लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर"वर टिक ठेवा आणि त्याच्या खालची ठराविक दिवसांची टिक काढा, नाहीतर तेवढे दिवस झाले की सर्व्हरवरचे मेल साफ, आणि मग लॅपटॉपची हार्डडिस्क गेली की सगळंच गेलं.

जीमेल असेल तर पासवर्ड थंडरबर्डमध्ये टाकायचा नसतो, गुगलची स्वतःची लॉगिनची खिडकी उघडते, तिथं लॉगिन करून परवानगी द्यायची. एकदा दिली की रोज विचारत नाही.

खरं काम इथं आहे: काय उतरवायचं, किती उतरवायचं

अकाउंट सेटिंग्जमध्ये जा, तुमच्या अकाउंटच्या खाली "सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज" असं दिसेल. सगळा खेळ या एका पानाचा आहे म्हणून घाई करू नका.

सगळ्यात वर "कीप मेसेजेस फॉर धिस अकाउंट ऑन धिस कॉम्प्युटर" अशी टिक आहे, ती हवीच, ती नसेल तर नुसते विषय दिसतील आणि ऑफलाईन उघडायला गेलं की आत काही नाही. त्याच्या शेजारी "ॲडव्हान्स्ड" बटण आहे, ते दाबलं की फोल्डरांची यादी येते, प्रत्येकापुढं टिक. इथं स्पॅम, ट्रॅश यांच्या टिका काढा, कशाला उगाच डाटा घालवायचा. आणि जीमेलवाल्यांनी "ऑल मेल"ची टिक न विसरता काढा. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात, त्यामुळं इनबॉक्समधला तोच मेल ऑल मेलमध्ये पण दिसतो आणि थंडरबर्ड बापडं तो दोनदा उतरवतं. जीमेलच्या वेबवरच्या सेटिंगमध्ये लेबल्सच्या पानावर ऑल मेलपुढची "शो इन आयमॅप"ची टिक काढली तर तो थंडरबर्डमध्ये दिसणारच नाही, ते जास्त बरं.

मग येतं किती जुनं हवं ते. एक पर्याय "सगळे मेल, कितीही जुने असोत", दुसरा "शेवटचे इतके दिवस". सुरुवातीला 30 दिवस ठेवा. पंधरा जीबी भरत आलेली मेलबॉक्स एका दमात उतरवायला जाऊ नका, एकतर तुमचा पॅक जाईल आणि जीमेल आयमॅपवरून दिवसाला 2500 एमबीच्या वर उतरवू देत नाही. जुनं सगळं पाहिजेच असेल तर सांगली-साताऱ्यात कुणाच्या घरी वायफाय असेल तिथं जाऊन दिवस हळूहळू वाढवत न्या.

त्याच पानावर "इतक्या केबीपेक्षा मोठे मेल उतरवू नका" अशी टिक आहे आणि तिथं 50 भरलेलं असतं. 50 फारच कमी, साधं पीडीएफचं बिलसुद्धा त्याच्या वर जातं. 500 ते 1000 ठेवा. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की मेलमध्ये जोडलेली फाईल पाठवताना अक्षरांत बदलावी लागते आणि तेवढ्यात ती सुमारे एक तृतीयांशानं फुगते, म्हणजे 3 एमबीचा फोटो मेलमध्ये 4 एमबीचा होऊन येतो. लग्नाचे फोटो पाठवणारे भाऊजी प्रत्येक घरात असतात, त्यांचा मेल यादीत दिसेल पण आतला माल रेंजमध्ये गेल्यावर उघडेल.

आणि आता सावध. त्याच पानावर खाली जुने मेल काढून टाकायचा पर्याय आहे, "अमुक दिवसांपेक्षा जुने मेल डिलीट करा". वाचणाऱ्याला वाटतं की फक्त लॅपटॉपवरची जागा मोकळी होईल, तर तसं नाही, आयमॅपमध्ये ते सर्व्हरवरचे मूळ मेल पण उडवतं. "डोन्ट डिलीट एनी मेसेजेस" तसंच राहू द्या, हात लावू नका. एरवीसुद्धा आयमॅपमध्ये ऑफलाईन असताना डिलीट केलेला मेल पुढच्या वेळी नेट लागलं की सर्व्हरवरूनही जातो, हे डोक्यात ठेवा.

निघायच्या आधी

खिडकीच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की थंडरबर्ड ऑनलाईनचं ऑफलाईन होतं. करताना ते विचारतं, जाण्याआधी मेल उतरवून घेऊ का. "डाउनलोड नाऊ" म्हणा आणि खालची पट्टी थांबेपर्यंत झाकण बंद करू नका. हेच मेनूतूनही होतं, ऑल्ट दाबलं की वरचा मेनू दिसतो, फाईल, मग ऑफलाईन, मग "डाउनलोड स्लॅश सिंक नाऊ".

तुम्ही म्हणाल नेट गेलंच आहे तर वेगळं ऑफलाईन कशाला करायचं. कारण नाही केलं तर ते सारखं सर्व्हर शोधत राहतं, एरर दाखवतं, आणि अर्धवट रेंज आली की नको तेव्हा उतरवायला सुरुवात करतं. मुद्दाम ऑफलाईन केलं की गप्प बसतं.

एकदा ऑफलाईन झालात की वाचा, शोधा (शोध पण लॅपटॉपवरच होतो, त्यामुळं वेबपेक्षा पटकन), उत्तरं लिहा. पाठवायचं बटण आता "सेंड लेटर" झालेलं दिसेल, दाबलं की मेल "लोकल फोल्डर्स"खालच्या आउटबॉक्समध्ये जाऊन बसतो. ऑनलाईन असताना सुद्धा मेल थांबवून ठेवायचा असेल तर कंट्रोल शिफ्ट एंटर. परत रेंजमध्ये येऊन ते खालचं चिन्ह दाबलं की विचारतं, राहिलेले मेल पाठवू का, हो म्हणा. याचा एक फायदा आहे जो नेटवाल्यांना मिळत नाही, रागाच्या भरात लिहिलेलं उत्तर गाव सुटेपर्यंत आउटबॉक्समध्येच असतं. बदलायचं असेल तर त्यावर राईट क्लिक करून "एडिट ॲज न्यू मेसेज", फक्त जुना आउटबॉक्समधून काढायचं विसरू नका, नाहीतर दोन्ही जातात.

काय चालत नाही तेही सांगतो. ओटीपीचे मेल या पद्धतीत काही कामाचे नाहीत. मेलमध्ये नुसती लिंक असेल तर ती उघडायला नेट लागणारच, तेव्हा भरतीचे, निकालाचे मेल आले की रेंजमध्ये असतानाच आतलं कॉल लेटर उघडून सेव्ह करा. जाहिरातींच्या मेलमधली चित्रं दिसत नाहीत, थंडरबर्ड ती मुद्दाम अडवतं, त्यात आपलं काही जात नाही.

आता न्यूजग्रुप

नव्या पोरांना हे माहितीच नसतं. न्यूजग्रुप म्हणजे विषयवार चर्चेचे चव्हाटे, कुणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत, जगभरातले सर्व्हर एकमेकांना पोस्टी देत-घेत राहतात आणि सगळ्यांकडं नक्कल असते. या सगळ्याला यूजनेट म्हणतात. 1979 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी ही कल्पना काढली, आणि तेव्हा इंटरनेट आपल्याला माहीत आहे तसं नव्हतंच, एक कॉम्प्युटर दुसऱ्याला रात्री फोन लावायचा (रात्री दर स्वस्त), दिवसभरच्या पोस्टी गठ्ठ्यानं द्यायच्या-घ्यायच्या आणि फोन ठेवायचा. म्हणजे तुटक नेटवर चालायचं हे या गोष्टीच्या हाडातच आहे. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 ला, आणि नंतरच्या काळात परदेशातली मराठी मंडळी सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी या ग्रुपवर रोमन लिपीत मराठी लिहीत असायची.

आज गर्दी तेवढी नाही, खोटं कशाला सांगू. फेब्रुवारी 2024 मध्ये गुगल ग्रुप्सनं यूजनेटवरच्या नव्या पोस्टी घेणं बंद केलं, बरेच लोक त्याच दारानं यायचे. पण त्याच दारानं स्पॅमही यायचं, तेही आटलं. प्रोग्रॅमिंग, लिनक्स, जुने कॉम्प्युटर, गणित अशा विषयांवर अजून जाणती माणसं बसलेली आहेत आणि नीट विचारलं तर नीट उत्तर देतात.

नावं डावीकडून वाचायची. कॉम्प म्हणजे कॉम्प्युटर, साय म्हणजे विज्ञान, रेक म्हणजे छंद, सॉक म्हणजे समाज, ऑल्ट म्हणजे बाकी सगळा बाजार. मग कॉम्प डॉट लँग डॉट सी म्हणजे कॉम्प्युटर, त्यातल्या लँग्वेज, त्यातली सी.

वाचायला सर्व्हर लागतो. फुकटातला चांगला म्हणजे इटर्नल सप्टेंबर. त्यांच्या साईटवर नाव नोंदवलं की युजरनेम आणि पासवर्ड मिळतो. तिथं फक्त मजकूर असतो, सिनेमे-बिनेमे शोधायला जाऊ नका, आणि आपल्याला कमी डाटात तेच पाहिजे. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्जच्या खाली "अकाउंट ॲक्शन्स", त्यात "ॲड न्यूजग्रुप अकाउंट". नाव विचारेल, मेलचा पत्ता विचारेल. इथं खरा पत्ता देऊ नका, पोस्टींमधले पत्ते गोळा करून स्पॅम पाठवणारे कायम टपलेले असतात, तर शेवटी डॉट इनव्हॅलिड असलेला काहीतरी पत्ता टाका, डॉट इनव्हॅलिड हे खोट्या पत्त्यांसाठीच राखून ठेवलेलं आहे. सर्व्हरचं नाव न्यूज डॉट इटर्नल-सप्टेंबर डॉट ऑर्ग, सुरक्षित जोडणीसाठी एसएसएल निवडा आणि पोर्ट 563. साधा पोर्ट 119. सर्व्हर सेटिंगमध्ये "ऑलवेज रिक्वेस्ट ऑथेंटिकेशन" याला टिक करा, नाहीतर पासवर्ड न विचारताच तुम्हाला बाहेर ठेवेल आणि तुम्ही म्हणाल ग्रुपच दिसत नाहीत.

मग अकाउंटवर राईट क्लिक, "सबस्क्राईब". ग्रुपांची लांबलचक यादी उतरते, हे एकदाच, पण रेंजमध्येच करा. दोन-तीनच ग्रुप घ्या. ग्रुप पहिल्यांदा उघडताना 500 च्या वर पोस्टी असतील तर विचारतं किती हेडर (पोस्टींची नुसती वरची माहिती) आणू, तिथं 200 म्हणा आणि बाकीचे वाचलेले म्हणून धरायला सांगा.

न्यूजग्रुपची ऑफलाईनची पद्धत मेलपेक्षा वेगळी आहे आणि मला तर हीच जास्त आवडते. आधी फक्त हेडर येतात, म्हणजे विषय, कुणी लिहिलं, तारीख. रेंजमध्ये असताना आणलेले हेडर घेऊन घरी या, निवांत यादी बघा, जे वाचावंसं वाटेल त्याला चांदणी लावा. पुढच्या वेळी नेट मिळालं की फाईल, ऑफलाईन, "गेट स्टार्ड मेसेजेस", तेवढ्याच पोस्टी उतरतात. दोन फेऱ्या लागतात पण कचरा एक अक्षर येत नाही. एवढा धीर नसेल तर ग्रुपवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज, सिंक्रोनायझेशन, तिथं "सिलेक्ट धिस न्यूजग्रुप फॉर ऑफलाईन यूज" याला टिक करा, मग सिंक करताना सगळाच ग्रुप येतो. मजकूरच असल्यामुळं फार काही डाटा जात नाही.

बऱ्याच सॉफ्टवेअरच्या मेलिंग लिस्टसुद्धा न्यूजग्रुपसारख्या वाचता येतात, त्यासाठी जीमेन म्हणून सर्व्हर आहे, न्यूज डॉट जीमेन डॉट आयओ. वाचायला नोंदणी लागत नाही. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराच्या लिस्टवर रोज ढीगभर मेल येतात, ते इनबॉक्समध्ये ओतून घेण्यापेक्षा इथून पाहिजे तेवढे वाचलेले बरे.

लिहिताना काही रीतभात आहे. साधा मजकूर, रंग-बिंग नाही, अकाउंट सेटिंगमध्ये "कंपोझ इन एचटीएमएल"ची टिक काढा. ज्याला उत्तर देताय त्याचं सगळं बोलणं परत चिकटवायचं नाही, लागेल तेवढ्या ओळी ठेवायच्या आणि त्यांच्या खाली आपलं लिहायचं, वर नाही. सही चार ओळींच्या आत. आणि आधी आठ-पंधरा दिवस नुसतं वाचा. सप्टेंबर 1993 पासून नवख्यांचा लोंढा थांबलाच नाही आणि जुने लोक कुरकुरायला लागले, इटर्नल सप्टेंबर म्हणजे न संपणारा सप्टेंबर, त्या सर्व्हरचं नाव त्यावरूनच पडलंय. पहिली पोस्ट चर्चेच्या ग्रुपवर टाकण्याआधी ऑल्ट डॉट टेस्ट या ग्रुपवर टाकून बघा, मराठी अक्षरं नीट गेली का तेही तिथंच कळतं.

थंडरबर्ड जड वाटलं तर

जुन्या लॅपटॉपवर क्लॉज मेल बघा, मेल आणि न्यूजग्रुप दोन्ही करतं, ऑफलाईन चालतं आणि हलकं आहे, दिसायला मात्र जुनाट. नुसत्या न्यूजग्रुपसाठी पॅन चांगलं. काळ्या खिडकीत काम करणाऱ्यांना मट आणि एमबीसिंक, त्यांना मी काय सांगणार.

फोनवर ॲंड्रॉइडचं थंडरबर्ड ऑक्टोबर 2024 पासून मिळतंय, आधीच्या के-नाईन मेलवर बेतलेलं. त्यात मेल ऑफलाईन वाचता येतात, फक्त सेटिंगमध्ये किती मेल ठेवायचे आणि किती मोठे आणायचे ते वाढवून घ्या. न्यूजग्रुप त्यात नाहीत.

उतरवलेलं सगळं एका प्रोफाईल फोल्डरमध्ये असतं. हेल्प, मग "ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन", तिथून तो फोल्डर उघडतो. थंडरबर्ड पूर्ण बंद करून तो अख्खा फोल्डर पेन ड्राईव्हवर कॉपी करा, दुसऱ्या मशीनवर तसाच चालतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीत घरंच्या घरं पाण्यात गेली, खालच्या मजल्यावरचे कॉम्प्युटर कुणी वाचवले नसतील. विम्याचे, कर्जाचे, पंचनाम्याचे कागद मेलमध्ये असतात, तो पेन ड्राईव्ह कॉम्प्युटरच्या शेजारच्या ड्रॉवरमध्ये नको, माळ्यावर किंवा पाहुण्यांकडं ठेवा.

शाळा किंवा वाचनालय असेल आणि तिथं लिनक्सचं एखादं मशीन असेल तर लीफनोड म्हणून प्रकार आहे, त्यात ते मशीनच छोटा न्यूज सर्व्हर बनतं. बाकीच्या कॉम्प्युटरांनी थंडरबर्डमध्ये सर्व्हर म्हणून त्या मशीनचा पत्ता टाकायचा. पोरं जे ग्रुप उघडतात तेवढेच लीफनोड आणतं, बाकीच्यांच्या वाटेला जात नाही. आणायचं काम फेचन्यूज नावाची कमांड करते, ती पहाटे नेट मोकळं असतं तेव्हाची वेळ देऊन क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी लिनक्सची सोय) लावून टाका, जुन्या पोस्टी टेक्सपायर नावाची कमांड साफ करते, तेही त्याच्या पाठोपाठ लावा. एकदा आणलेली पोस्ट वीस पोरांनी वाचली तरी डाटा एकदाच जातो.